तिवऱ्याच्या दाण्यातले विष : एका डाळीचा आणि जीवरसायनशास्त्राचा इतिहास

जीवरसायनशास्त्रज्ञ व्हायचे म्हणजे नेमके काय व्हायचे, हा प्रश्न भिलाईच्या विद्यार्थ्याला पडला तर त्यात नवल नाही. भिलाई हे पोलादाचे गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा शहरात रसायनशास्त्र म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या कोकच्या भट्ट्या, चुनखडी आणि दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज. हुशार मुलाने अभियंता व्हावे, नाही तर डॉक्टर व्हावे. ‘बायोकेमिस्ट’ म्हणजे सेक्टर नऊच्या इस्पितळात रक्तातली साखर मोजून कागद हाती देणारा कोणी तरी, एवढीच त्या शब्दाची सर्वसाधारण ओळख.

या शास्त्राचा एक मोठा अध्याय मात्र भिलाईच्या वेशीबाहेरच्या शेतांतच उभा आहे. दुर्ग-बेमेतऱ्याच्या काळ्या कन्हार जमिनीत हिवाळ्यात एक बुटके, निळसर फुलांचे कडधान्य दिसते. छत्तीसगडी माणूस त्याला तिवरा म्हणतो. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तीच लाख किंवा लाखोळी. हिंदीत खेसारी, वनस्पतिशास्त्रात लॅथिरस सॅटायव्हस. हे पीक काढायला नांगर लागत नाही. भात कापणीला येण्याच्या सुमारास उभ्या पिकातच, ओल्या बांधीत, त्याचे बी फेकून द्यायचे. भात निघून जातो आणि त्याच्या मागे उरलेल्या ओलाव्यावर तिवरा वाढतो. या रीतीला तिकडे ‘उतेरा’ म्हणतात. खत नाही, पाणी नाही, फवारणी नाही. अवर्षण आले तरी तग धरतो, खाचरात पाणी साचले तरी मरत नाही. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी छत्तीसगडात आवडीने खातात. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण चांगले. गरिबाच्या शेतासाठी निसर्गाने याहून सोयीचे पीक घडवले नसेल. आणि त्याच दाण्यात एक विष आहे, जे माणसाला मारत नाही. फक्त त्याचे पाय काढून घेते.

ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती असे नाही. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘त्रिपुट’ नावाच्या कडधान्याने माणूस लंगडा आणि पांगळा होतो असे नोंदवले आहे, आणि हे त्रिपुट म्हणजेच लाख, असे अभ्यासक मानतात. युरोपातही १६७१ मध्ये वुर्टेमबर्गच्या ड्यूकने पावात या दाण्याचे पीठ घालण्यास मनाई केली होती. नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यातल्या माद्रिदमध्ये १८११-१२ च्या दुष्काळात लोक याच पिठाच्या लापशीवर जगले, आणि चित्रकार गोयाने त्या लोकांचे जे चित्र कोरले त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. ती उठू शकत नाही.

मध्य भारतातली पहिली तपशीलवार नोंद मात्र एका अनपेक्षित माणसाची आहे. ठगांचा बीमोड करणारा म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत ऐकतो तो विल्यम स्लीमन. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सागर प्रांतातल्या एका गावाची हकीकत सांगतो. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला, पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने पीक गेले. या तीन वर्षांत शेतात एकच गोष्ट जोमाने वाढली; ती म्हणजे तिवरा. लोकांनी तो खाल्ला. १८३३ पासून तिशीच्या आतल्या तरुणांचे कमरेखालचे अंग एकाएकी लुळे पडू लागले, आणि दोन वर्षांत गावातली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी त्या फेऱ्यात सापडली. स्लीमन वैद्य नव्हता. तरीही त्याच्या नोंदीत तीन गोष्टी अचूक आहेत : आधी दुष्काळ, मग मधला काळ, आणि बळी पडणारे तरुण. आजचा साथरोगतज्ज्ञ याहून वेगळे प्रश्न विचारणार नाही.

१८७३ मध्ये नेपल्सच्या कँतानी या वैद्याने या विकाराला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले. नाव मिळाले, कारण मिळाले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावरून गेले. छत्तीसगड तेव्हा नागपूरच्या कारभाराखाली होते. १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूर-दुर्गच्या माणसाची राजधानी नागपूरच. त्यामुळे १८९६ ते १९०२ या काळातल्या लॅथिरिझमवरचा अँड्र्यू ब्युकॅनन यांचा अहवालही १९०४ मध्ये नागपुरातच छापला गेला. आज आपण विदर्भ आणि छत्तीसगड असे दोन वेगळे प्रदेश म्हणतो, पण या डाळीचा इतिहास दोघांचा एकच आहे, आणि तो नागपूरच्या सरकारी दप्तरांत पडून आहे.

येथून पुढे जीवरसायनशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. एवढा जुना, एवढा उघड संशय असूनही विष सापडायला १९६४ साल उजाडावे लागले. का?

पहिले कारण, संशयित चुकला. १९२५ च्या सुमारास अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसेन या अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की दोष तिवऱ्याचा नसून त्यात मिसळणाऱ्या ‘अकटा’ नावाच्या तणाच्या बियांचा आहे. अभ्यास प्रामाणिक होता, पण त्याने पुढची कित्येक वर्षे तिवऱ्यावरची नजर दुसरीकडे वळवली. दुसरे कारण अधिक शिकवण्यासारखे आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत उंदरांना तिवऱ्याच्या जातभाईचे, म्हणजे बागेत लावतात त्या गोड वाटाण्याच्या फुलझाडाचे बी खाऊ घातले गेले. उंदीर आजारी पडले. हाडे वाकली, पाठीचा कणा वेडावाकडा झाला. १९५४ मध्ये शिलिंग आणि स्ट्राँग यांनी त्या बियांतून विषद्रव्य वेगळे केले, आणि पुढे कळले की ते शरीरातल्या कोलॅजनच्या धाग्यांची गाठ बसू देत नाही. शोध खरा आणि मोलाचा, पण रोग निराळा. माणसात बिघडते ते मज्जातंतूंचे काम, हाडांचे नव्हे. घराण्याचे नाव एक असले म्हणून गुन्हेगार एक नसतो, हे रसायनशास्त्राला अशा वेळी फार महागात पडून कळते.

तिसरे कारण प्राण्यांचे. प्रौढ उंदराला किंवा कोंबडीला तिवऱ्याचा अर्क देऊन माणसासारखे लक्षण दिसत नसे. चाचणीच नसेल तर शोध कशाच्या आधारावर घ्यायचा? दाण्यातून शंभर द्रव्ये वेगळी केली तरी त्यातले विषारी कोणते, हे सांगणारा साक्षीदार हवा. तो साक्षीदार शेवटी मिळाला तो एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाच्या रूपाने.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९२१ पासून जीवरसायन विभाग होता. साठीच्या दशकाच्या आरंभी तिथे प्रा. पी. एस. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली एस. एल. एन. राव आणि पी. आर. अडिगा हे दोन तरुण तिवऱ्याच्या दाण्यातली अमिनो आम्ले तपासत होते. तंत्र साधे, पण कष्टाचे. दाणे दळायचे, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात त्यांचा अर्क काढायचा, तो आयनबदल राळेच्या नळ्यांतून सोडायचा, प्रत्येक अंश गाळणकागदावर ठिपक्याने ठेवून द्रावकात उभा करायचा, मग निनहायड्रिनचा फवारा मारून जांभळे डाग उमटण्याची वाट पाहायची. मार्टिन आणि सिंज यांच्या ज्या तंत्राला १९५२ चे नोबेल मिळाले तेच हे. प्रथिनांत आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांच्या डागांच्या जागा ठरलेल्या. ओळखीच्या डागांत अनोळखी डाग दिसला की तो कापून घ्यायचा, साठवायचा, शुद्ध करायचा.

अशा एका अनोळखी डागातून त्यांना आधी होमोआर्जिनीन हे अमिनो आम्ल मिळाले, इंग्लंडमध्ये ई. ए. बेल यांनाही ते त्याच सुमारास स्वतंत्रपणे सापडले होते. ते विषारी नव्हते. दुसरा डाग मात्र निराळा निघाला. त्यातले द्रव्य एका दिवसाच्या पिल्लाला टोचले की मान मुरडायची, डोके मागे जायचे, झटके यायचे. मोठ्या कोंबडीत काहीच नाही. नवजात पिल्लात रक्त आणि मेंदू यांच्यामधला आडपडदा पुरता बळकट झालेला नसतो, म्हणून विष आत शिरते, असा त्याचा उलगडा. १९६४ मध्ये या तिघांनी ‘बायोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात त्या द्रव्याची रचना जाहीर केली : बीटा-एन-ऑक्झॅलिल-एल-अल्फा, बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल. नाव उच्चारताना दम लागतो, म्हणून सगळे त्याला ओडॅप म्हणतात. त्याच वर्षी दिल्लीहून मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमणियन यांनीही हेच द्रव्य स्वतंत्रपणे वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. शतकभर कोणालाच न सापडलेली गोष्ट एकाच वर्षी देशात दोन ठिकाणी सापडली. हा योगायोग मी मानत नाही. नव्या तंत्राचे हत्यार देशातल्या प्रयोगशाळांत पोचले होते आणि प्रश्न देशातलाच होता. परदेशातल्या प्रयोगशाळेला तो जिव्हाळ्याचा वाटण्याचे कारणच नव्हते.

आता ओडॅप करते काय? आपल्या मज्जापेशी एकमेकींना ‘उठा, कामाला लागा’ असा निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. पेशीच्या पृष्ठावर ग्लुटामेटसाठी असलेल्या कुलपांपैकी एएमपीए नावाच्या कुलपात हा तोतया बसतो आणि दार उघडेच ठेवतो. पेशी अखंड चेतलेल्या राहतात, दमतात, मरतात. मेंदूपासून पायांच्या हालचालींसाठी पाठीच्या कण्यात खालपर्यंत उतरणारे लांबच लांब तंतू यात सर्वाधिक भरडले जातात. माणूस आधी काठी घेऊन चालतो, मग दोन काठ्या घेऊन, आणि फार झाले तर हातांवर सरपटत. बुद्धी शाबूत, हात शाबूत, आयुष्यही पुरते. फक्त पाय परत येत नाहीत. या विकारावर आजही औषध नाही.

येथे थोडे थांबून एक आडवाट घेतो, कारण छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला ती आवडेल. या प्रदेशाचा दुसरा मोठा आजार सिकलसेल. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले आणि पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एका ठिकाणचे ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथे व्हॅलिन आले आहे, बस्स इतकेच. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. म्हणजे एका आजारात ग्लुटामिक आम्ल आपल्या जागेवरून हललेले, आणि दुसऱ्यात त्याच्या जागी तोतया बसलेला. एकाच भूभागाच्या दोन व्यथा एकाच रेणूच्या अवतीभवती. हे पाहण्याची नजर म्हणजे जीवरसायनशास्त्र, अशी व्याख्या केली तर ती पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येहून वाईट नाही.

बंगळूरच्या त्याच विभागाच्या दारात तीस वर्षे आधी एक मराठी मुलगी उभी होती. कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा १९३३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली. जन्म इंदूरचा, वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेतून शिकून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने, तिला प्रवेश नाकारला. गुणपत्रिका बोलत असताना लिंग आडवे यावे, हे नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाच्या बाबतीत वाचताना आजही टोचते. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेल्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला. बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवले की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. चौदा महिन्यांचे काम आणि अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध. १९३९ मध्ये पीएच.डी. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आजच्या तीनशे पानी प्रबंधांच्या काळात त्या चाळीस पानांकडे आदराने पाहावे.

करिअरचा विचार करणाऱ्याने यापुढचा भाग नीट वाचावा, कारण तो फारसा सांगितला जात नाही. परदेशी पदवी घेऊन आलेल्या बाईला काम कुठे होते? आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाचे प्रमुखपद, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. म्हणजे वैद्यकीय शिक्षण, पोषण संशोधन आणि विद्यापीठीय अध्यापन. ऐंशी वर्षांनंतरही या विषयाच्या नोकऱ्यांचे तीन खांब तेच आहेत. औषधनिर्माण आणि जैवतंत्रज्ञान हे चौथा आणि पाचवा.

मुंबईत कमलाबाई सोहोनी यांनी भारतीय कडधान्यांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर विद्यार्थ्यांसह संशोधन केले. कच्च्या डाळीत असे प्रथिन असते की ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडवते. चांगले शिजवले की ते प्रथिन मोडते आणि डाळ पचते. म्हणूनच आपल्या आज्या ‘डाळ कच्ची राहू देऊ नये’ म्हणत. आता याची तुलना तिवऱ्याशी करा. ओडॅप हे प्रथिन नव्हे, लहानसा रेणू आहे. नुसते शिजवून ते पुरते नष्ट होत नाही. पण ते पाण्यात विरघळते. त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर बराचसा भाग निघून जातो. एका डाळीत उपाय चुलीवर, दुसऱ्या डाळीत उपाय पाणी ओतून टाकण्यात; आणि दोन्हींमधला फरक केवळ रेणूच्या स्वभावाचा. अवर्षणाच्या गावात पाणी ओतून टाका असे सांगायला जीभ रेटत नाही, ही मात्र प्रयोगशाळेबाहेरची अडचण.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवरही काम केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या संस्थापकांत त्या होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात सामान्य गृहिणीसाठी लिहीत. दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. दुर्गाबाई मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये संशोधन करत हिंडल्या आणि तिथे खाण्यातून झालेल्या विषबाधेने त्यांना कित्येक वर्षे अंथरूण धरावे लागले. एक बहीण अन्नातल्या रेणूंचा शोध घेणारी, दुसरी अन्नानेच आजारी पडलेली. या घराने मध्य भारताच्या पानातले कडूगोड दोन्ही चाखले.

पुन्हा तिवऱ्याकडे. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली खेसारीच्या विक्रीवर बंदी आली होती. तारखा पाहा : बंदी १९६१ ची, विषाचा शोध १९६४ चा. म्हणजे कायदा शास्त्राच्या आधी पोचला. यात चूक नव्हती. माणसे पांगळी होत असताना रेणूची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. रीवा भागात तर जमीनदार शेतमजुरांना मजुरी म्हणून खेसारीमिश्रित धान्य देत, आणि लॅथिरिझमचे रुग्ण प्रामुख्याने त्या मजुरांतच सापडत. हा आजार जितका रसायनाचा तितकाच वेठबिगारीचा. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांची हीच दाळ खायला घातली गेली आणि शेकडो कैदी पांगळे झाले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केस्लर यांनी कारण ओळखले. ज्याला निवड नाही त्याच्याच ताटात हे विष येते.

विष कळल्यावर बंदीचा अर्थ बदलायला हवा होता, असे माझे मत आहे. अभ्यासांतून दिसले की रोजच्या आहाराचा मोठा हिस्सा दोनतीन महिने सलग तिवऱ्याचाच असेल, तेव्हा धोका उभा राहतो. भात, गहू, भाज्या सोबत असतील तर तो फार कमी होतो. तिवऱ्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले तोकडी असतात, ती उणीव तृणधान्य भरून काढते. आणि सगळ्यांत क्रूर गोष्ट ही की पाण्याचा ताण पडला की झाड दाण्यात अधिक ओडॅप साठवते. ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही म्हणून माणूस तिवरा सर्वाधिक खातो, त्याच वर्षी तो सर्वाधिक विषारी असतो. स्लीमनच्या गावात नेमके हेच घडले असणार.

पुढचा टप्पा पैदाशीचा. पारंपरिक वाणांत शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण दोनशे ते पाचशे मिलिग्रॅम ओडॅप सापडते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनातून ‘रतन’ हा वाण १९९७ मध्ये दिला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ दिले. यांत ते प्रमाण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली आले. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. २०१६ च्या आरंभी या तीन वाणांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनुकूलता दर्शवल्यावर देशभर मोठा वाद झाला. विरोधकांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही : बाजारात पोत्यातली डाळ रतनची की जुन्या गावठी वाणाची, हे नजरेने ओळखता येत नाही, आणि तूरडाळीत, बेसनात लाख मिसळण्याचा धंदा जुनाच आहे. म्हणजे प्रश्न फिरून प्रयोगशाळेतच येतो. कोणी तरी दाणे दळून, अर्क काढून, ओडॅप मोजायला हवे. ते मोजणारा माणूस जीवरसायनशास्त्रज्ञ असतो. छत्तीसगडात तिवऱ्याचे देशातले सर्वांत मोठे क्षेत्र आहे, तेव्हा असा माणूस तिथलाच असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

त्या वाटेवर निघू पाहणाऱ्यांना थोडे रोखठोक सांगतो. नीट हुकली म्हणून दुसरा पर्याय, अशा मनाने या विषयात येऊ नये. वर्ष-दोन वर्षांत कंटाळा येतो. बी.एस्सी. जीवरसायनाचीच असावी असा आग्रह नाही. रसायनशास्त्राची पदवी अनेकदा अधिक बळकट पाया देते, कारण सेंद्रिय रसायन आणि विश्लेषण कच्चे राहिले तर पुढे कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. एम.एस्सी.साठी जॅम, पुढे गेट किंवा नेट, आणि पीएच.डी.ची निदान पाच वर्षे. या काळात पैसा बेताचा आणि अपयश भरपूर. राव-अडिगांचे आधीचे डाग निष्पाप निघाले होते, हे विसरू नये. रायपूरला रविशंकर विद्यापीठ आहे (त्याची स्थापनाही १९६४ चीच), कृषी विश्वविद्यालय आहे, एम्स आहे. भिलाईत २०१६ पासून आयआयटी आहे. पन्नास वर्षांपूर्वी दुर्गच्या मुलाला यासाठी घर सोडून शेकडो कोस जावे लागे.

आणि काम संपलेले नाही. होमोआर्जिनीन, जे बंगळूरमध्ये ‘निरुपद्रवी’ म्हणून बाजूला पडले, त्याचा आज हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी असलेला संबंध तपासला जातो आहे. झाड ओडॅप नेमके कसे घडवते, त्यातली शेवटची पायरी कोणते विकर पार पाडते, हे तिवऱ्याच्या जनुकसंचाच्या वाचनासह २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, काम प्रामुख्याने इंग्लंडच्या जॉन इनेस केंद्रातले. तेच ताट खाणाऱ्या घरातला एक जण पांगळा होतो आणि दुसरा नाही, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. ओडॅप मुळीच नसलेला, तरीही कोरड्या बांधीत तग धरणारा तिवरा अजून कोणाच्या शेतात उगवलेला नाही.